बांगड्यांना चिंध्या बांधून पाहिलेला खेळ

त्या दुपारी तिथं कोण कोण होतं ते आधीच सांगून टाकते. खाली दालनात कोठीचे सरकार होते, एकटेच, मोठ्या खुर्चीत. गोरा साहेब होता, संस्थानांतून फिरून पैसे घेऊन खेळून दाखवणारा. आकडा पुकारायला लतीफचाचा होते. माझा दादा होता, हातात काठी धरून. भिंतीकडेच्या लांब बाकावर आमचे मामा होते आणि त्यांच्या आजूबाजूला खांद्याला खांदा लावून देवासची मंडळी, थोडी इंदूरकडची. वर माडीच्या सज्जात, बांबूच्या चिकाच्या पडद्याआड, माझी आई होती, मांडीवर तान्हं घेतलेली मामी होती, कोठीतल्या आणखी बायका होत्या, आणि मी. मी तेव्हा परकर-पोलक्यातली. आणि आबा होते, आमचे वडील. तेही बाकावरच, मामांना चिकटून. आबांना मी धरते आहे त्या मंडळींत. पण खेळ संपेपर्यंत ते होते, असं मला म्हणता येत नाही.

फाल्गुन लागला की ही सगळी माणसं मला दिसायला लागतात. इथं धारला आता अफूची शेतं कुठली? पण बाजारात खसखशीची वाळकी बोंडं येतात कधी कधी. परवा सूनबाईनं आणली, तर नातवानं एक उचलून कानाशी नेऊन हलवलं. आत दाणे हलले. दबका आवाज. चिंधीत गुंडाळलेल्या बांगड्या हलल्या की असाच आवाज येतो. माझ्या हातातली ताटली तशीच राहिली.

"आजी, डर गई क्या तू?" नातू म्हणाला.

"ठेव ते खाली," मी म्हटलं. पोरगं हसत पळालं. समोरच्या ओट्यावर त्याच्या दोस्तांचा कॅरम चालला होता, तिकडं गेलं. काय तो आरडाओरडा! खेळणारी चार आणि बघणारी वीस. "मार भिया, मार!" करत एकमेकांच्या पाठीत बुक्क्या. मला ते ऐकायला बरं वाटतं. ओरडणारा माणूस जिवंत आहे हे कळतं तरी.

देवासला आमची कोठी गावाबाहेर होती. आमची म्हणजे सरकारांची. आम्ही मागच्या दोन खोल्यांत. एका अंगाला माताजीची टेकडी दिसायची आणि दुसऱ्या अंगाला, कंपाउंडच्या भिंतीपासून पार ओढ्यापर्यंत, अफूचं शेत. माघात ते सगळं पांढरं व्हायचं. मग पाकळ्या गळायच्या, आणि शेतात नुसती डोकी उरायची. हिरवी, गोल, मानेवर तोललेली. बायका दुपारी येऊन त्यांना चिरा द्यायच्या, सकाळी चीक खरवडून न्यायच्या. वारा आला की ती डोकी एकदम एका बाजूला कलायची, वारा थांबला की एकदम सरळ. आवाज काही नाही. त्या वासानं डोकं जड व्हायचं. आई म्हणायची, "भिंतीपाशी उभी राहू नकोस गं, निजशील उभ्या उभ्या."

आबा कोठीच्या फरासखान्यात होते. सतरंज्या, पडदे, हंड्या-झुंबरं सगळं त्यांच्याकडं. सरकारांनी साहेबलोकांचा तो गोळ्यांचा खेळ आणला, बिलियर्ड, तेव्हा ते मेजही आबांच्याच गळ्यात आलं. केवढं ते मेज! चार माणसं निजतील एवढं. वरून हिरवी बनात ताणलेली, कडेला जाळीच्या पिशव्या, आणि तीन हस्तिदंती गोळे, दोन पांढरे नि एक लाल. आबा रोज त्या बनातीवर ब्रश फिरवायचे, मग कोमट इस्त्री. आम्हाला हात लावायची बंदी. दादा मात्र त्यांच्या हाताखाली इस्त्री धरायला जायचा आणि सरकार कुठं गावाला गेले की दोघं बापलेक दार ओढून खेळायचे. एकदा सरकार अचानक आले. आबा काठी पाठीमागं लपवून उभे. सरकार हसले, म्हणाले, "आमच्याशी खेळेल का रे हा?" तेव्हापासून दादा सरकारांचा जोडीदार.

दादाचा हात चांगला होता पण धीर नव्हता. काठी टेकवली की मारून मोकळा. आबांनी त्याला एक खूण लावून दिली होती. म्हणायचे, मारायच्या आधी माझ्याकडं बघायचं. मी डोळे मिटले की मार. मी डोळे उघडे ठेवले तर थांब, अजून एकदा नीट बघ. लहानपणापासूनची ही सवय. पुढं पुढं तर दादा आबांकडं न बघता मारूच शकत नसे. घरी आंब्याच्या कोयीला गोटी मारायची असली तरी आधी आबांकडं बघायचा आणि आई हसायची.

त्या हिवाळ्यात आबांच्या छातीत खोकला बसला. दिवाळीला आला तो गेलाच नाही. वैद्यानं अफूची बारीक गोळी सांगितली. आमच्याकडं त्यात काही नवल नव्हतं, खोकला झाला, पोट दुखलं, पोर रडलं, सगळ्याला तीच गोळी. गोळी घेतली की आबा गुंगीत बसायचे, डोळे अर्धे उघडे, जागेवरून हलायचे नाहीत. पिनक म्हणतात त्याला. पिनकेत बसलेली माणसं कोठीत एक-दोन नेहमीच असायची. कोणी हाक मारायचं नाही त्यांना. आपोआप उठतात म्हणून सोडून द्यायचे.

मग कारभारी एक दिवस आमच्या दारात आले. उभ्या उभ्या बोलले, आत आले नाहीत. "आबासाहेबांच्यानं आता काम होत नाही. सरकार म्हणतात, तो साहेब येतोय खेळायला. पोरानं त्याला हरवलं तर पोराला खेळाडू म्हणून ठेवून घेऊ, खोल्या तुमच्याकडं राहतील. नाहीतर होळीनंतर मोकळ्या करा." आईनं पदर पुढं ओढून ऐकलं. आमचं गावाकडं काही नव्हतं. आजोबांच्या आधीपासून आम्ही इकडचे. खोल्या गेल्या तर जाणार कुठं?

साहेब आला. उंच, पिवळट मिशांचा. त्यानं दादाला खेळाच्या आधीच वाढीव आकडे देऊन टाकले, लहान पोराला देतात तसे, आणि तरीही तो जिंकणार असं सगळे धरून होते. तीन दुपारी खेळ चालायचा होता आणि आकडे पुढं जोडत न्यायचे होते. दुपारी दालनाच्या खिडक्या लावून जाड पडदे सोडायचे आणि मेजावरचे दिवे लावायचे, म्हणजे बनातीवर सगळीकडं सारखा उजेड पडतो. बाहेर फाल्गुनातलं ऊन आणि आत रात्र. आम्ही मागच्या जिन्यानं सज्जात चढायचो तेव्हा डोळे फुटल्यासारखे व्हायचे. मग हळूहळू खाली ते हिरवं चौकोनी तळं दिसायचं आणि त्याच्या काठाला माणसांची नुसती तोंडं. धड अंधारात. तोंडांवर खालून हिरवा उजेड.

देवासच्या लोकांना बघायची सवय होती कुस्तीची. तिथं बघायचं म्हणजे उभं राहायचं, फेटा उडवायचा, पैलवानाच्या आईबापाचा उद्धार करायचा. पहिल्या दिवशी साहेब वाकला, काठी मागं नेली, आणि आमचे मामा ओरडले, "हाण! हाण साहेबा, सोडू नको!"

साहेबाची काठी घसरली. तो सरळ उभा राहिला आणि मामांकडं बघत राहिला. बराच वेळ. रागानं नाही, माणसाकडं नाही तर भिंतीवरच्या डागाकडं बघावं तसा. मामा आधी हसले, मग त्यांचं हसू गेलं.

सरकारांनी हुकूम केला. खेळ चालू असताना आवाज करील त्याला बाहेर काढा. जोडे बाहेर. शिंक आली तर फेट्यात. खोकल्याची माणसं नकोत. डाव चालू असेतो टाळी नाही, डाव सुटला की मग काय ते.

"अरे मग बघायचं तरी कशाला?" मामा संध्याकाळी आमच्या ओट्यावर म्हणत होते. "मयताला बसल्यासारखं!"

"तुझं तोंड बंद राहील ते बघायला येतील लोक," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सज्जाची पाळी आली. आम्ही वर एवढ्या बायका, प्रत्येकीच्या हातात मनगटभर काच. कोणी पदर सावरला की किणकिण. साहेबानं मान वर करून चिकाकडं पाहिलं. त्याला आम्ही दिसत नव्हतो पण सगळ्या बायका मागं सरकल्या. थोड्या वेळानं मागच्या जिन्यानं दासी निरोप घेऊन आली, बांगड्या उतरवा नाहीतर खाली जा.

कोठीतल्या म्हाताऱ्या काकीसाहेब होत्या, त्या भडकल्या. "सवाष्णींनी बांगड्या उतरवायच्या? त्या गोऱ्याला म्हणावं आपल्या बायकोला सांग! पुरुषांच्या खेळापायी इथं कोणी हात मोकळे करणार नाही."

मग तोड निघाली. एक जुनेर आणून फाडलं आणि बायकांनी एकमेकींच्या बांगड्यांवर चिंध्या गुंडाळल्या, मनगटापासून वर, घट्ट. जखमेला बांधतात तशा. तान्ह्या पोरांच्या जिभेला अफूचं बोट लावलं. मामीनंही लावलं. "निजू दे गं, उगाच रडेल," म्हणाली. जोडवी वाजायला नकोत म्हणून पाय पोटाशी घेऊन बसलो. आणि मग तिथं जे झालं ते मी कधी विसरले नाही. एवढी माणसं, खाली नि वर, आणि आवाज फक्त गोळ्यावर गोळा लागल्याचा. टक. मग लांबून जाळीत पडल्याचा. मग काही नाही. गोळा चालला की खालची सगळी तोंडं त्याच्या बरोबर चालायची, थांबला की थांबायची. कोणी पापणी हलवत नव्हतं. मला शेतातली बोंडं आठवली. मी मामीच्या मांडीवरच्या पोराच्या नाकाशी बोट धरून पाहिलं, श्वास आहे ना.

त्या दिवशी आबाही बाकावर होते. खोकल्याचं माणूस म्हणून कारभारी अडवत होता, पण दादा म्हणाला, आबा नसतील तर मी खेळत नाही. आबा गोळी घेऊन बसले आणि एकदाही खोकले नाहीत. खेळ संपल्यावर साहेबानं सरकारांना काही सांगितलं नि आबांकडं बोट केलं. मामांनी ते घरी येऊन सांगितलं. "साहेब म्हणतो, इथं बघता फक्त त्या म्हाताऱ्याला येतं. मुलूखभर फिरलो, असा बघणारा पाहिला नाही."

आबा हसले आणि त्यांना खोकल्याची ढास लागली. थांबल्यावर म्हणाले, "अरे बाबा, दम धरून बसलो होतो. बघतो कसला!"

दादा हसला नाही. साहेब पुढं होता. आता एकच दुपार राहिली होती.

तिसऱ्या दिवशी निघताना आबांनी आईकडं गोळी मागितली. आईनं दिली. ती गिळून त्यांनी पुन्हा हात पुढं केला.

"अजून?" आई म्हणाली.

"आज मधे ढास आली तर पोराचा हात हलेल. दे."

आईनं डबी उघडली. मला ती डबी आठवते, पितळी, झाकणावर मोर. दुसरी गोळी दिली आणि पाण्याचा तांब्या दिला. आबांनी फेटा बांधला. दारात थांबून मला म्हणाले, "बने, वरून नीट बघ हं. रात्री सगळं सांगायचं मला, माझे डोळे मिटतात मधे मधे."

खेळ सुरू झाला. साहेबाचा डाव बराच चालला, मग त्याचा एक गोळा काठाला लागून परत आला आणि दादाची पाळी आली. या खेळात असं असतं की जोवर साधतंय तोवर आपलीच पाळी. चुकलं की बसायचं. दादा उठला, काठीच्या टोकाला खडू लावला, वाकला, आणि आबांकडं बघितलं. आबांनी डोळे मिटले, उघडले. दादानं मारलं. साधलं. असं थोडा वेळ चाललं.

मग एकदा दादानं बघितलं आणि आबांचे डोळे उघडेच राहिले.

दादा थांबला. पुन्हा गोळ्यांकडं बघितलं, मेजाला वळसा घातला, दुसऱ्या बाजूनं वाकला. पुन्हा आबांकडं. डोळे उघडे. तेव्हा कुठं त्यानं हळूच मारलं आणि असा सुरेख गोळा गेला की साहेबसुद्धा खुर्चीत पुढं झाला. पुढच्या वेळी तेच. आबा डोळे मिटेनात. दादा थांबायचा, दुसऱ्यांदा बघायचा, तिसऱ्यांदा बघायचा, मग मारायचा. आयुष्यभर त्याला जो धीर आला नव्हता तो त्या दुपारी आला. खाली बाकावर कोणी हलेना. लतीफचाचा हळू आवाजात आकडा पुकारायचे आणि भिंतीवरच्या पट्टीवर काटा सरकवायचे.

आबांची एक लकब होती. दादा खेळत असताना त्यांचा अंगठा तर्जनीवर फिरत राहायचा, खडू चोळल्यासारखा. मी तो बघत असे. तो थांबला होता. पिनकेत थांबतो तसा असेल म्हटलं. मग त्यांच्या गालावर माशी बसली. फाल्गुनात माश्या फार. ती गालावरून वर चालली, पापणीच्या कडेला थांबली, आणि तिथून उघड्या डोळ्यावर गेली. बुबुळावर. आबांची पापणी हलली नाही.

मी आईकडं वळले. आई आधीच बघत होती. कधीपासून बघत होती कोण जाणे. तिनं माझ्याकडं न बघता माझा हात धरला आणि असा दाबला की माझी बोटं एकमेकांवर चढली.

मामी कानाशी आली. "वन्सं, काय झालं?"

आईनं मान हलवली. नाही म्हणून.

खाली बाकावरच्या एका मालवी माणसाला काही शंका आली असावी. त्यानं मामांना कोपरानं खुणावलं आणि आबांकडं भुवया उडवल्या. मामांनी आबांकडं पाहिलं. मग गालाला हात लावून, मान तिरकी करून खूण केली, पिनकेत आहेत. तो माणूस दात दाखवून हसला, न आवाज करता. दोघं पुन्हा मेजाकडं बघायला लागले. मामांचा खांदा आबांच्या खांद्याला टेकलेला होता तसाच होता.

आणि दादाचं साधतच चाललं. एकही चुकेना. मी पोर होते, मला वाटलं, चुकावं आता यानं. चुकला तर पाळी संपेल, पाळी संपली तर लोक खाकरतील, हलतील, कोणीतरी आबांना हात लावील. पण चुकला तर खोल्या गेल्या. मी आईच्या तोंडाकडं बघत होते, तिला काय वाटतं ते कळावं म्हणून. तिच्या तोंडावर चिकाच्या काड्यांच्या बारीक बारीक सावल्या पडल्या होत्या, आणि त्यांच्या आत ती खाली बघत होती. एका डोळ्यानं मुलाकडं आणि एका डोळ्यानं नवऱ्याकडं बघता येत असेल तर तसं. दादा प्रत्येक वेळी मान वर करून आबांकडं बघायचा. त्याला ते थांब म्हणत होते असंच दिसत होतं. आई दर वेळी श्वास धरायची. त्याला कळेल, आता कळेल. त्याला कळत नव्हतं. आबा इतक्या नीट बघत होते.

शेवटचा फटका लाल गोळ्याचा होता. पार टोकाला, काठापासून बोटभर. तो गेला की ठरलेला आकडा साहेबाच्या आधी दादाचा पुरा. दादा वाकला, आबांकडं बघितलं. डोळे उघडे. सरळ झाला. खडू लावला. पुन्हा वाकला. डोळे उघडे. मी त्याचा घाम कानामागून खाली येताना पाहिला. तो तसाच वाकून राहिला आणि आबांकडं बघत राहिला. मारीना. सरकार बघताहेत, साहेब बघतोय, सगळं दालन त्या काठीकडं बघतंय आणि काठी हलेना. बाकावरची माणसं नकळत पुढं कलायला लागली. एकामुळं दुसरा, दुसऱ्यामुळं तिसरा. मामा कलले. आबाही कलले त्यांच्याबरोबर.

आणि आबांची मान पुढं झाली. हळूच. हो म्हटल्यासारखी.

दादानं मारलं.

लाल गोळा काठाकाठानं गेला आणि जाळीत पडला. लतीफचाचांचा आवाज फाटला आकडा पुकारताना. आणि मग तीन दिवस तोंड दाबून बसलेलं ते सगळं दालन उठलं. फेटे उडाले. मामा बाकावर चढून ओरडत होते, "वा रे माझ्या भाच्या! वा रे वाघा!" साहेब टाळ्या वाजवत होता. सगळे दादाकडं धावले. बाकावर आबा एकटे राहिले. दोन्ही बाजूंचे खांदे गेल्यावर ते बारीक बारीक घसरायला लागले. आणि एवढ्या बघ्यांत त्यांच्याकडं कोणी बघत नव्हतं.

आई उठली. बोटांनी नि दातांनी तिनं चिंध्या सोडल्या. घाई नाही केली. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि परपुरुषांसमोर सज्जातून आवाज देणं तर कोणी केलंच नव्हतं. तिनं चिक बाजूला केला आणि दोन्ही मनगटं सज्जाच्या कठड्यावर आपटली. एकदा. पुन्हा एकदा.

बांगड्या फुटल्या. तुकडे खाली गेले, फरशीवर, बाकावर, काही मेजावर. हिरव्या बनातीवर हिरवी काच. तो आवाज त्या गोंगाटातून कसा ऐकू गेला मला माहीत नाही, पण सगळं दालन एका क्षणात पुन्हा तसंच झालं. चुप. सगळी तोंडं वर. हिरव्या उजेडात, तोंडं उघडी.

"त्यांना धरा," आई म्हणाली. "पडताहेत."

दादानं आधी मेजावरचे तुकडे बघितले. मग बाकाकडं वळला.

साहेबानं काठी खाली ठेवली आणि आबांना उचलून बाहेर नेईपर्यंत तो उभा राहिला. बाकीचे काय करावं न सुचून उभे राहिले. दार उघडलं तसं बाहेरचं ऊन आत आलं. एवढं लख्ख ऊन. आबांना त्यातून नेलं. मामा त्यांचा फेटा हातात धरून मागून चालले होते आणि म्हणत होते, "माझ्या खांद्याला खांदा होता हो. माझ्या खांद्याला खांदा."

खोल्या राहिल्या. सरकारांनी शब्द पाळला. दादा कोठीचा खेळाडू झाला, इंदूर, रतलाम, कुठं कुठं खेळून आला. पुढं बायका आईला विचारायच्या, "तुम्हाला आधीच दिसलं होतं तर बोलला का नाहीत?" आई म्हणायची, "मधे आवाज करायची बंदी होती." तेवढंच. त्या डबीचं तिनं काय केलं मला माहीत नाही. घरात पुन्हा दिसली नाही.

बाकावरच्या त्या जागी मग कोणी बसेना. नव्या माणसाला माहीत नसलं तरी शेजारचे त्याला जरा सरकवून घ्यायचे. दादा मारायच्या आधी त्या रिकाम्या जागेकडं बघायचा आणि थांबून राहायचा. किती वेळ थांबेल सांगता येत नसे. आणि तो बघतो म्हणून लोकही तिकडं बघायला लागले. बाहेरगावची माणसं यायची, त्यांना काही ठाऊक नसायचं, तीही मान वळवून बघायची. मी वरून पाहिलंय ते. एवढे लोक खेळ बघायला आलेले, आणि सगळे रिकाम्या जागेकडं तोंड करून श्वास धरून बसलेले. मग दादा मारायचा. कशावरून मारायचा, त्याला काय दिसायचं, देव जाणे. त्याचं चुकत मात्र क्वचित.

मला धारला दिलं. मालकांची नोकरी गंधवानीकडं, तिथं त्यांना तापानं नेलं, धाकटा माझ्या पोटात होता. बायका बांगड्या फोडायला पुढं झाल्या तेव्हा मी म्हटलं, राहू द्या, मला येतं. मी बाजेच्या लाकडी गातावर हात आपटले. दळणं-शिवणं करून पोरं वाढवली. त्याचं आता काही सांगायचं नाही.

दादा म्हातारपणी माझ्याकडं आला होता चार दिवस. दिसत नव्हतं त्याला फारसं. ओट्यावर बसलो होतो, समोर पोरांचा कॅरम चालला होता, हाच आरडाओरडा. तो म्हणाला, "बने, तू वरून बघत होतीस. खरं सांग. शेवटच्याला आबांनी मान हलवली का नाही?"

मी मामांचा खांदा कलताना पाहिला होता. आबा त्याच्याबरोबर कलले होते तेही पाहिलं होतं. पण मान मागाहून हलली. मामा थांबल्यावर. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, कारण ते खरं असेल तर आई चुकली, माशी चुकली, आणि आम्ही दोघी तिथं जिवंत माणसाकडं बघत गप्प बसलो होतो. आणि खरं नसेल तर मग ती मान कोणी हलवली?

"हलवली," मी म्हटलं.

"तेच तर," दादा म्हणाला. आणि ओट्याच्या कोपऱ्यात, जिथं कोणी बसलेलं नव्हतं, तिकडं बघून हसला.

माझं एवढंच सांगणं आहे. तुम्ही कुठं खेळ बघायला बसलात, कितीही रंगला असला आणि कोणी कितीही गप्प राहा म्हणालं, तरी मधेच एकदा शेजारच्या माणसाकडं वळा. त्याला हाक मारा, नावानं. तो ओ देईपर्यंत थांबा.